पुसता येणारा डोंगर

मराठवाड्यात छोट्या रेल्वेचा देखावा उभा करायचा असेल, तर डोंगर कुठे आणि बोगदा कुठे हे मागाहून ठरवलं तरी चालतं. देखावा झाडायचा कसा, हे आधी ठरवावं लागतं. आधी नांदेडला आणि मग लातूरला हे काम करण्यात आयुष्याचा मोठा भाग गेला, त्यातून एवढं मी खात्रीनं सांगू शकतो. नोकरी शाळेत चित्रकला आणि कार्यानुभव शिकवण्याची. संध्याकाळ आणि सुट्ट्या या छोट्या गाड्यांच्या.

आमच्याकडची धूळ एका जातीची नसते. नांदेडला कापसाच्या हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांमधून तंतू उडतात. हवेत ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण संध्याकाळी इंजिन उलटं करून भिंगातून पाहिलं की आसांवर पांढरी गुंडाळी बसलेली असते. तो तंतू दातेरी चाकांत शिरला की मोटार तापते आणि गाडी चढावर अडते. लातूरला डाळमिलचा भुसा. डाळ करताना तुरीला तेलाचा हात लावतात, त्यामुळे तो भुसा नुसत्या फुंकरीनं उडत नाही, पत्र्याच्या छपरांना धरून बसतो. काळ्या मातीची धूळ दोन्हीकडे सारखीच. उन्हाळ्यात रान भेगाळतं आणि वावटळीबरोबर त्याचं पीठ होऊन घरात येतं. मे महिन्यापर्यंत ही धूळ कोरडी असते, कुंचल्यानं जाते. मृगाचा ओलावा हवेत आला की तीच धूळ ओल धरते, फुगते आणि चिकटते. मग तिचा थर निघता निघत नाही. म्हणून वर्षाची मोठी सफाई आम्ही रोहिणी निघायच्या आत उरकतो. पेरणीच्या तयारीचं आणि आमचं वेळापत्रक एकच.

या छंदावरची पुस्तकं बहुतेक युरोप-अमेरिकेतली. तिकडे लेआउटला स्वतंत्र बंद खोली असते, नाहीतर तळघर असतं. आमच्याकडे मे महिन्यात खिडकी लावली तर माणूस टिकत नाही आणि उघडली तर देखाव्यातला सगळा बालाघाटचा डोंगर धुळीनं भरतो. तेव्हा त्या पुस्तकांतलं सुतारकाम आणि विजेचं काम घ्यावं, देखाव्याचं काम मात्र इथल्या हवेला विचारून करावं, अशी माझी भूमिका बनत गेली.

या वाटेला मला लावलं ते पूर्णेच्या लोको शेडमधून निवृत्त होऊन नांदेडला राहायला आलेल्या एका फिटरकाकांनी. हैदराबाद–मनमाड ही निजामाच्या काळातली मीटरगेज लाइन. १९०० च्या आसपास ती गोदावरीच्या खोऱ्यातून टाकली गेली आणि पुढे जवळजवळ नव्वद वर्षं आमच्या भागाचा सगळा प्रवास तिच्यावर झाला. पूर्णा हे तिचं मोठं जंक्शन. काकांनी तिथे वायपी आणि वायजी जातीच्या वाफेच्या इंजिनांवर काम केलेलं. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या माडीवर त्या लाइनीचा एक तुकडा उभा करायला घेतला आणि देखाव्यासाठी चित्रकलेच्या मास्तरला बोलावलं. तो मी.

शेडमध्ये ठरावीक फेऱ्यांनंतर इंजिन थंड करून त्याचा बॉयलर आतून धुवायचे. पाण्यातला क्षार आणि गाळ काढला नाही तर नळ्या जळतात. त्यासाठी बॉयलरच्या अंगावर जागोजागी प्लग ठेवलेले असतात. ते उघडायचे, आत पाण्याचा फवारा मारायचा, सळईनं खरवडायचं. हे प्लग कारखान्यातच बसवलेले असतात, मागाहून भोकं पाडत नाहीत. मी केलेला प्रत्येक डोंगर काका आधी मागून बघायचे आणि विचारायचे, "मास्तर, याचे वॉशआउट प्लग कुठायत?" बोगद्यात गाडी घसरली तर हात कुठून जाईल, उंदरानं घर केलं तर ते काढणार कुठून, छपराखालची धूळ कशी निघेल, हे सगळं त्या एका प्रश्नात असायचं. मी त्यावेळी तरुण होतो आणि मला डोंगर सुंदर करायचा होता. देखाव्याचं आयुष्य किती, हे तो बांधणाऱ्या हातापेक्षा तो झाडणाऱ्या हाताच्या सोयीवर ठरतं, हे माझ्या गळी उतरायला त्यांच्या माडीवरचे बरेच उन्हाळे जावे लागले.

थोडं मापाविषयी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आम्ही १:८७ या प्रमाणात काम करतो. जगभर त्याला एचओ म्हणतात. साडेपाच फुटांचा माणूस यात १९ मिलिमीटरचा होतो, चाळीस फुटी कडुनिंब १४ सेंटिमीटरचा. रुळांतून बारा व्होल्टचा प्रवाह जातो आणि चाकांतून मोटारीला मिळतो. म्हणजे रूळ आणि चाक यांच्यामध्ये धुळीचा एक कण आला तरी गाडी थबकते. खऱ्या रेल्वेला धूळ चालते. आमच्या रेल्वेला ती चालत नाही, आणि देखाव्यातून सुटलेला प्रत्येक कण शेवटी रुळावर येतो. जो देखावा स्वतःच झडतो तो आपलीच गाडी बंद पाडतो.

सुरुवातीला आम्ही सगळेच थर्माकोल वापरायचो. गणपतीच्या देखाव्यांमुळे तो कुठेही मिळायचा आणि कापायला सोपा. पण गणपतीचा देखावा दहा दिवसांनी उतरतो. आमचा देखावा वर्षानुवर्षं उभा राहायचा असतो, आणि थर्माकोलला कोपर लागलं की खळगा पडतो, कडेनं दाणे सुटतात, ते दाणे स्थिर विजेमुळे सगळीकडे चिकटतात. उंदरांना तर तो फारच आवडतो. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिक-थर्माकोलवर बंदी आली तेव्हा सजावटीचा थर्माकोल बाजारातून गेला. बरोबरचे काही जण हळहळले. मला मात्र ती चांगली संधी वाटली, कारण पर्याय घरातच होता. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका रद्दी भिजवून, कुटून, त्यात मेथ्या वाटून घालायच्या आणि त्या लगद्याच्या टोपल्या करायच्या. मेथीनं लगदा घट्ट धरतो आणि कडवटपणामुळे कीड लागत नाही. बारीक जाळीवर हाच लगदा थापून मी बालाघाटचे उतार केले. वाळायला वेळ घेतो, भेगा पडतात त्या पुन्हा भरायच्या. पण एकदा वाळला की वजनाला हलका, बोटानं दाबला तर दबत नाही आणि टेम्पोत हादरला तरी फुटत नाही. खळ लावावी लागली तर पुस्तकं बांधणाऱ्यांसारखं तीत मोरचूद घालायचं. नाहीतर झुरळं रात्रीतून कागद सोलतात.

लगद्यावर पीओपीचा पातळ हात येतो. पांढऱ्या पीओपीवर नुसता रंग दिला तर कधीतरी टवका उडतो आणि काळ्या कड्यावर पांढरा डाग लांबूनही दिसतो. म्हणून पीओपी कालवतानाच त्यात काळा आणि लाल ऑक्साइड घालतो. पूर्वी कोब्याच्या फरशीत घालायचे तोच, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. मग टवका उडाला तरी आतून दगडच निघतो.

बालाघाटचा कडा दुरून पाहिला तर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, मधूनमधून लाल मातीचा पट्टा राहिला. तो तसाच दाखवायचा मोह कुणालाही होईल, आणि तो दाखवलाच पाहिजे. पण प्रत्येक पायरी ही धुळीचं शेल्फ असते. यावर काकांकडून घेतलेला तोडगा असा: प्रत्येक पायरीला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यायचा. डोळ्याला तो कळत नाही. कुंचला वरून खाली फिरवला की धूळ पायरीवर न थांबता तळाच्या कडेला येते, आणि तिथे फळी आणि डोंगर यांच्यामध्ये बोटभर मोकळी चर ठेवलेली असते. सगळं तिथून उचलायचं. दुसरं, खोल भेग कोरायची नाही, रंगवायची. दोन फुटांवरून बघणाऱ्याला गडद रंगाची रेघ आणि खरी भेग यांतला फरक कळत नाही. कुंचल्याला मात्र चांगलाच कळतो.

जमिनीसाठी खरी माती वापरतो. याबाबतीत मी हट्टी आहे. विकतच्या रंगीत भुकटीत आपलं रान येत नाही. शेतातली माती उन्हात वाळवायची, सपिटाच्या चाळणीनं चाळायची, तव्यावर भाजायची म्हणजे बी आणि कीटकांची अंडी मरतात. त्यानंतरचं काम लोक विसरतात: मातीतून लोहचुंबक फिरवायचा. आमची माती बेसाल्टची. तिच्यात लोखंडी खनिजाचे काळे कण भरपूर असतात, आणि गोदावरीच्या वाळूत तर ते उघड्या डोळ्यांनी दिसतात. चुंबकाला कागद गुंडाळून मातीतून ओढला की त्याला मिशा फुटतात. हे कण राहिले तर इंजिनाच्या मोटारीतला चुंबक त्यांना रुळावरून उचलतो आणि मोटार कायमची जाते. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. भूगोलाच्या पुस्तकातला बेसाल्ट त्यांच्या हाती लागतो.

माती पसरल्यावर एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब असं मिश्रण ड्रॉपरनं सोडायचं. तो थेंब नसेल तर पाण्याचे मणी होऊन मातीवरून घरंगळतात. वाळलं की पुन्हा एक हात, आणि शेवटी मॅट वॉर्निश. खडीसाठी स्टोन क्रशरवरची कच चाळून घेतो, काळीच असते, रंगवावी लागत नाही. खडी स्लीपरच्या वर येऊ द्यायची नाही, नाहीतर रूळ पुसणारी पट्टी अडते. सगळं झालं की शेवटची परीक्षा: फळी उलटी करायची आणि मागून थापट्या मारायच्या. जे पडायचं ते आत्ताच पडू दे. पहिल्यांदा बघणाऱ्या मुलांचा श्वास अडकतो, पण ज्या फळीतून काही पडत नाही ती यात्रेलाही नेता येते.

यात्रेचा विषय निघाला म्हणून सांगतो. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आम्ही एकदा मांडणी लावली होती. घोडे, गाढवं, उंट, बैल यांचा तो बाजार. दिवसभर खुरांखालची धूळ तंबूत येत होती. काच लावा, असं सगळे सांगत होते. मी लावली नाही. काचेवर आधी धूळ बसते, मग ती पुसताना ओरखडे पडतात, आणि काचेमागची गोष्ट मुलांना दुकानातल्यासारखी परकी वाटते. त्याऐवजी पुढच्या कडेला एक हातभर रुंदीची फळी ठेवली, जिच्यावर सगळं हात लावण्यासाठीच होतं: भक्कम कडा, सागवानी ओंडक्यांचा ढीग, पितळी पट्टीचा सिग्नल. मुलांचे हात तिथे रमतात आणि मागे गाडी निर्धास्त चालते. रात्री गर्दी ओसरल्यावर तीन जणांनी अर्ध्या तासात सगळी मांडणी झाडली, कारण घरं, झाडं, माणसं, काहीच चिकटवलेलं नव्हतं. घराखाली खुंटी, झाडाच्या बुंध्यात टाचणी, फळीत पितळी नळी. काढायचं, झटकायचं, परत बसवायचं.

लातूरला आल्यावर विषय आपोआप बार्शी लाइटकडे वळला. या गाडीबद्दल इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं अडीच फुटी गेजची ही लाइन १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू केली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. कॅलथ्रॉपचा सगळा हिशेब एका आकड्यावर उभा होता: कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. त्यामुळे हलके रूळ चालले आणि तरी डबे मोठे, वाघिणी लांब ठेवता आल्या. १९५४ मध्ये ती सरकारनं घेतली, आणि २००७-०८ मध्ये लातूरपर्यंत ब्रॉडगेज झालं. आमच्या प्रमाणात अडीच फूट म्हणजे पावणेनऊ मिलिमीटर. बाजारात नऊ मिलिमीटरचा रूळ मिळतो, तो अगदी जुळतो. ढोकी, मुरूड, हरंगुळ ही स्टेशनं आणि येडशीजवळचं रामलिंगचं रान असा तुकडा मी निवडला.

इथेच ऋतू ठरवायची वेळ आली, आणि माझ्या मते या कामातला तो सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता. बघायला येणाऱ्यांना हिरवा देखावा हवा असतो. पण हिरवा रंग खिडकीच्या उन्हात वर्षभरात उडतो, त्यावर धूळ लगेच दिसते, आणि आपलं रान वर्षातले सात-आठ महिने हिरवं नसतंच. मी फाल्गुन निवडला. वाळलेलं गवत, नांगरून पडलेली काळी ढेकळं, तुराट्यांचे भारे आणि निष्पर्ण रामलिंगमध्ये फुललेला पळस. जमिनीचा शेवटचा रंग देण्याआधी खिडकीच्या चौकटीवरची धूळ कागदावर घेतली आणि तिच्याशी रंग जुळवला. मग पुढे जी धूळ बसते ती त्या रानातलीच वाटते. दोन सफायांच्या मधल्या काळात देखावा मळका दिसत नाही. "एवढं उजाड कशाला दाखवता?" असं अजूनही कुणीतरी विचारतं. पळसाचा केशरी रंग उजाड रानातच पेटतो, हे मी त्यांना मांडणीजवळ नेऊन दाखवतो. मराठवाडा आहे तसा दाखवावा, त्याला कोकणाचा वेश चढवू नये.

झाडांचं शास्त्र वेगळं. वाळकी खरी झुडपं सुरुवातीला छान दिसतात, पण दोन उन्हाळ्यांत त्यांचा चुरा होतो. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून जळकी तांब्याची तार घ्यायची, पीळ देऊन बुंधा आणि फांद्या काढायच्या. बाभळीसाठी हीच तार आणि वर घोसाळ्याच्या जाळीचे बारीक तुकडे. बाकीच्या पानांसाठी स्पंज पाण्याबरोबर मिक्सरमधून काढतो. चिकटवायला पाण्याला दाद न देणारा गोंद, कारण पांढरा गोंद भिजला की पुन्हा मऊ पडतो, आणि ही झाडं मगभर पाण्यात बुचकळून धुवायची असतात. असं आम्ही करत होतो, २०१६ पर्यंत.

त्या वर्षीचा लातूरचा उन्हाळा विसरणं शक्य नाही. मांजरा धरण कोरडं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या गाडीत दहा टाक्या, साधारण पाच लाख लिटर पाणी. बार्शी लाइट जिथून धावायची, जवळजवळ त्याच वाटेनं ती आली. ज्या लाइनीचा देखावा मी करत होतो, तिच्याच मार्गानं माझ्या गावाला पाणी येत होतं. घरात भांडी घासलेलं पाणी संडासाला वापरायचे दिवस होते ते. झाडं धुवायला मगभर पाणी घेणं शक्यच नव्हतं, आणि त्यापेक्षाही ते मनाला पटणारं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात सगळी सफाई कोरडी झाली. तेव्हा बसवलेली पद्धत आजही चालू आहे, नळाला पाणी असलं तरी. आधी सुटं सगळं काढायचं. झाडं अंगणात नेऊन सायकलच्या पंपानं फुंकायची. डोंगरावर वरून खाली मऊ कुंचला, मेकअपसाठी मिळतो तो सगळ्यात चांगला. दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची नळी, तिच्या तोंडाला जुना पायमोजा ताणून बांधलेला, म्हणजे सुटलेला एखादा बैल किंवा कंदील ओढला गेला तरी जाळीत अडकतो. डोंगर मागून उघडून आत बघायचं. रूळ सगळ्यात शेवटी, कारण वरची सगळी घाण तोपर्यंत तिथे उतरलेली असते. रुळांना पॉलिश पेपर कधीच नाही. जर्मन सिल्व्हरवर त्यानं बारीक चरे पडतात आणि पुढची घाण त्यांत घर करते. लाकडी पट्टीला सुती चिंधी, तिला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब, एवढं पुरतं. झाकायला सुती चादर नको, तिचेच तंतू पडतात; जुनी पॉलिस्टरची साडी उत्तम. आणि कडेपासून दोन फुटांच्या पलीकडे काहीच बांधायचं नाही. हात जिथवर पोचतो तिथवरच डोंगर.

पाण्याचा देखावा करतानाही हीच नजर ठेवली. नांदेडच्या फळीवर गोदावरी आहे, घाटाच्या पायऱ्यांसकट. तिथे अ‍ॅक्रिलिकचा पत्रा लावून बघितला होता, पण कोरड्या हवेत त्यावर स्थिर वीज साठते आणि पुसला की तो आणखी धूळ ओढतो. साधी काच घेतली, खालच्या बाजूनं गढूळ हिरवट रंगवली. एका हातानं पुसून होते. लातूरच्या फळीवरची मांजरा कोरडी आहे. वाळू, दोन डबकी आणि पात्रात खणलेला झिरा.

काढता येणाऱ्या घरांमुळे एक गोष्ट घडली, ती माझ्या कामाच्या हिशेबात नव्हती. औसा तालुक्यात एका शाळेत मांडणी लावली होती. फळीवरचं गाव जुन्या पद्धतीचं, दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदं. बार्शी लाइट धावायची तेव्हाची गावं तशीच होती. किल्लारीच्या बाजूच्या एक आजी नातवाबरोबर आल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग सरळ एक घर उचलून हातात घेतलं. मी काही बोललो नाही. त्यांनी ते फिरवून पाहिलं, बोटानं छप्पर दाबलं. "माती कमी हाय. आमच्या माळवदावर हातभर होती. दरसाल पावसाच्या आधी नवी टाकायची, जुनी कोण काढतंय?" ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात तीच माती खाली आली होती. त्यांनी कोण गमावलं ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, घर तसंच हातात धरून: चौकटीला कुठे दिवळी होती, न्हाणी कुठल्या अंगाला, उतरंड कुठल्या कोपऱ्यात. मग पदरानं ते घर पुसलं आणि खुंटीवर नीट बसवलं. त्यातला एक कणही निघाला नाही.

त्यानंतर मी घरांची छपरंही सुटी केली आणि आतून घरं सजवायला लागलो. आजींनी सांगितल्याप्रमाणे उतरंड आहे, दिवळी आहे. शाळांतून म्हातारी माणसं येतात तेव्हा मी छप्पर उचलून घर त्यांच्या हातात देतो. हे सगळं धुळीसाठी सुरू झालं होतं. आता मला त्याचं मोल याच्यासाठी जास्त वाटतं.

पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, १९९८ पासून. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या ध्यासातून ते उभं केलं. महाराष्ट्रात हा छंद असणाऱ्यानं तिथे जाऊन यावंच. एका जागी कायम राहणारी मांडणी किती शिस्तीत चालू शकते, दिवे आणि सिग्नल यांनी रात्र कशी उभी करता येते, हे मी तिथे पाहून आलो. आमची गरज वेगळी, आम्हाला टेम्पोत चढायचं असतं. पण गाडी एकदा सुटली की ती अडता कामा नये, हा आग्रह तिथून घरी आणला.

शाळेत आता शनिवारी सफाईचा तास असतो. गाडी चालवायची असेल त्यानं आधी एक फळी झाडायची, असा नियम मुलांनीच केला. झाडणाऱ्या मुलांकडून मला इतकं समजलं की नवी फळी करताना मी आता त्यांना आधी बोलावतो. लहान हातांना कोपरे दिसतात. हरंगुळच्या फळीवर गोदामाच्या मागची जागा कुंचल्याला पोचत नाही, हे सातवीतल्या एका मुलीनं दाखवलं आणि गोदाम दोन बोटं पुढे आलं.

सध्या त्याच मुलांनी मला अडचणीत टाकलं आहे. त्यांना वाफेचं इंजिन आवडतं, पण त्यांना आजचं लातूरही हवं आहे. मध्य रेल्वेच्या विद्युतीकरणाचा शेवटचा तुकडा आमच्याच भागातला होता: औसा रोड ते लातूर रोड, ५२ किलोमीटर, फेब्रुवारी २०२३ मध्ये पूर्ण झाला. त्यामुळे नव्या फळीवर खांब आणि वरची तार दाखवणं आलंच. तांब्याची केसासारखी तार, दर काही इंचांवर खांब. कुंचला तिच्यात अडकतो, व्हॅक्यूमची नळी तिच्याखाली जात नाही, आणि चिंधीची पट्टी फिरवली की तार वाकते. मुलांचं म्हणणं, सगळे खांब एका पितळी पट्टीवर झाळायचे आणि पट्टी फळीच्या खाचेत बसवायची. सफाईच्या वेळी खांब, तार सगळं एकदम उचलून बाजूला ठेवायचं. एका हाताच्या लांबीचा नमुना त्यांनी केला आहे. उचलताना मधली तार सैल पडते, म्हणून टोकाला बारीक स्प्रिंग लावून बघतो आहोत. बॉलपेनमधली फार कडक निघाली. घड्याळजींकडून एक मऊ आणली आहे, ती या शनिवारी बसवायची.